साखर गावात मोजली जाते, डोळ्याचा पडदा कोण बघणार?

गावातल्या उपकेंद्रावर आता साखर मोजली जाते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तीस वर्षांवरच्या माणसांना बोलावतात, बोटाला टोचून मशीनवरचा आकडा सांगतात. "काका, दोनशे चाळीस आली. डॉक्टरांना दाखवा, गोळी सुरू करावी लागेल." गोळी सुरू होते, रजिस्टरमध्ये नाव चढतं. पण त्याच काकांच्या डोळ्याचा पडदा कुणी बघितला का, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: "दिसतंय की चांगलं, कशाला दाखवायचं?"

गडबड नेमकी इथंच आहे. शुगरमुळे पडदा खराब व्हायला लागतो तेव्हा बरीच वर्षं दिसणं चांगलंच असतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. दिसायला कमी येतं तोवर बरंच नुकसान झालेलं असतं, आणि त्यातलं सगळं परत मिळत नाही.

जालना जिल्ह्यातल्या वाचकांसाठी हा विषय आज मांडायचं कारण म्हणजे साखर मोजण्याचं काम गावापर्यंत आलं, पण डोळा बघायचं काम अजून शहरातच अडकलंय. मधल्या या अंतरात माणसांची नजर जाते. हे अंतर कसं पडलं, उपचार काय आहेत, कुठं मिळतात आणि गाव म्हणून आपण काय मागायला पाहिजे, ते सविस्तर बघू.

मोतीबिंदू वेगळा, पडदा वेगळा

आपल्याकडं डोळ्याचा आजार म्हटलं की मोतीबिंदू. त्याला कारणही आहे. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर राहिला. तो चुकीचा नव्हता. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या सरकारी राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या, मराठवाड्याच्याच मातीतून आलेल्या डॉक्टरांनी शिबिरं घेऊन हजारो लोकांना पुन्हा दिसतं केलं. गावोगावी लोकांचा डोळ्याच्या ऑपरेशनवर विश्वास बसला तो त्यामुळंच.

पण या यशातून एक सवय लागली. मोतीबिंदूत उशीर झाला तरी बहुतेक वेळा काम भागतं. आतलं भिंग धुरकट झालं, ते काढलं, नवं बसवलं, दिसायला लागलं. म्हणून "अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी बघू" ही भाषा रुजली. हाच हिशेब पडद्याला लावला तर घात होतो.

पडदा म्हणजे काय? डोळा हा कॅमेरा धरला तर पुढचं भिंग म्हणजे काच. तिच्यावर धूळ बसली तर ती बदलता येते. मागं जिथं चित्र उमटतं तो पडदा. तो मेंदूला जोडलेल्या नाजूक पेशींचा बनलेला असतो आणि तो बदलता येत नाही. नेत्रदानातून मिळतं ते पुढचं पारदर्शक बुबुळ. पडदा काढून दुसऱ्याला बसवण्याचं ऑपरेशन नाही. "पडदा बदलून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून यावं.

थोडक्यात, मोतीबिंदूत गेलेली नजर परत येऊ शकते. पडद्याच्या आजारात बहुतेक वेळा उरलेली नजर वाचवायची असते. म्हणून मोतीबिंदूला थोडा उशीर चालतो, पडद्याला चालत नाही.

शुगर डोळ्यात कशी उतरते

"शुगर डोळ्यात उतरली" असं आपण म्हणतो. आत काय होतं ते असं. पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बरीच वर्षं रक्तात साखर जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. ठिबकची जुनी नळी जशी जागोजागी पाझरते, तसं त्यातून पाणी आणि चरबी पाझरतं. पडद्याच्या मधोमध जो बारीक भाग असतो, ज्यानं आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तिथं हे पाणी साचलं की सूज येते. मग अक्षर पुसट दिसतं.

दुसरा प्रकार जास्त वाईट. काही वाहिन्या बंद पडतात, पडद्याला रक्त पुरत नाही. मग शरीर नवीन वाहिन्या काढतं. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या फुटतात आणि डोळ्याच्या आत रक्त सांडतं. एखाद्या सकाळी डोळ्यासमोर काळे धागे, जाळी किंवा एकदम अंधार येतो. पुढं त्यांच्याबरोबर चिवट पापुद्रा तयार होतो आणि तो पडद्याला ओढून जागेवरून सरकवतो.

या आजाराला डॉक्टर डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. फाईलवर हा शब्द दिसला तर अर्थ एवढाच की शुगरचा परिणाम पडद्यावर सुरू झालाय. घाबरून उपचार सोडू नका. पण हलकंही घेऊ नका.

गावाच्या हिशेबात आकडे

आकडे मोठे असतात, म्हणून ते गावावर आणून बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाचा निकाल २०२३ साली आला. देशात मधुमेही माणसं १० कोटींवर आहेत आणि ग्रामीण भागात प्रौढांमधलं प्रमाण ८.९ टक्के आहे. म्हणजे 'शुगर हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार' ही समजूत आता सोडायला हवी.

आणखी एक देशव्यापी अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार चाळिशीपुढच्या मधुमेही लोकांत साधारण १२.५ टक्के जणांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम दिसला, आणि ४ टक्के जणांची नजरच धोक्यात होती.

आता दोन हजार प्रौढ माणसांचं गाव घ्या. देशाच्या सरासरीनं तिथं १७५ च्या आसपास मधुमेही निघतात. त्यातल्या वीस-बावीस जणांचा पडदा बिघडायला लागलेला असेल आणि सहा-सात जणांची नजर आज ना उद्या जाण्याच्या वाटेवर असेल. हा ढोबळ हिशेब आहे, गावागणिक फरक पडेल. पण सहा-सात माणसं म्हणजे एका गल्लीतली माणसं झाली. त्यातल्या कित्येकांना आज व्यवस्थित दिसतंय आणि आपल्याला काही झालंय हे त्यांना ठाऊकच नाही.

आणि सगळ्यात बोलका आकडा हा: २०१५ ते २०१९ च्या त्याच सरकारी सर्वेक्षणात, आपल्याला शुगर आहे हे माहीत असलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांपैकी जवळपास ९० टक्के जणांच्या पडद्याची तपासणी एकदाही झालेली नव्हती. दहातले नऊ. शुगर आहे हे माहीत, गोळी चालू, पण डोळ्याच्या आत कुणी कधी डोकावलंच नाही.

मधली कडी कुठं तुटते

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी हा सरकारचा चालू कार्यक्रम आहे. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. मे २०२३ मध्ये केंद्रानं देशभरात साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना २०२५ पर्यंत उपचाराखाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. काम झालं, होतंय. आशाताई आणि परिचारिकांनी उन्हातान्हात ते केलंय.

पण उद्दिष्ट कशाचं ठेवलं ते बघा. किती जणांची साखर मोजली, किती जणांना गोळी सुरू झाली. जे मोजलं जातं तेच वर विचारलं जातं आणि जे विचारलं जातं तेच खाली होतं. मधुमेह्यांची डोळा तपासणी नियमात आहे, पण ती झाली की नाही हे महिन्याच्या आढावा बैठकीत साखरेच्या आकड्याइतकं कोण विचारतं?

दुसरीकडं नेत्र शिबिरं. फ्लेक्सवर लिहिलेलं असतं 'मोफत नेत्र तपासणी, मोतीबिंदू शस्त्रक्रिया व चष्मे वाटप'. तिथं टॉर्चनं बघतात, नंबर काढतात, मोतीबिंदू असेल तर गाडीत बसवून नेतात. बहुतेक शिबिरांत डोळ्यात थेंब घालून पडदा बघायला वेळ नसतो आणि ते त्या शिबिराचं उद्दिष्टही नसतं. पण घरी आलेला माणूस काय म्हणतो? "डोळे तपासून आलो, मोतीबिंदू नाही म्हणाले." तो निर्धास्त होतो. शिबिर खोटं बोललेलं नसतं, पण त्याचा समज चुकीचा झालेला असतो.

चष्म्याच्या दुकानातल्या मशीनचंही तसंच. ते मशीन चष्म्याचा नंबर सांगतं. पडद्यावर काय चाललंय हे त्यातून कळत नाही.

पडद्याची तपासणी म्हणजे नेमकं काय

खरी तपासणी ओळखायची खूण सोपी आहे. डोळ्यात थेंब घालतात, वीस-तीस मिनिटं बसवतात, बाहुली मोठी होते आणि मग डॉक्टर भिंग लावून प्रखर उजेडात आत बघतात. किंवा खास कॅमेऱ्यानं पडद्याचा फोटो काढतात. फोटोला काही वेळा थेंबही लागत नाहीत. सूज असेल तर 'ओसीटी' नावाचा स्कॅन करतात. त्यात टोचणं नाही, दुखणं नाही.

थेंब घातल्यावर तीन-चार तास पुसट दिसतं आणि उजेड सहन होत नाही. म्हणून त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या.

कधी करायची? चाळिशीत वा पुढं शुगर निघाली असेल तर ज्या दिवशी कळलं तेव्हाच एकदा, आणि पुढं दर वर्षी एकदा. कारण शुगर कळते त्याच्या आधी काही वर्षं ती अंगात असू शकते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलांची तपासणी आजार कळल्यापासून पाच वर्षांनी सुरू करतात. आधीपासून शुगर असलेली बाई गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा, कारण गरोदरपणात हा आजार वेगानं वाढू शकतो.

शुगर आहे आणि मोतीबिंदूही आहे, असं असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "साहेब, पडदा कसा आहे?" भिंग बदललं आणि मागचा पडदाच खराब असेल तर दिसत नाही. मग गावभर होतं की 'ऑपरेशन फसलं'.

उपचार: कशातून काय मिळतं

सगळ्यात पहिला उपचार डोळ्याच्या दवाखान्यात नाही, घरात आहे. साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचा निकाल १९९८ साली आला, बीपी नीट आटोक्यात ठेवलेल्या मधुमेह्यांमध्ये पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं. म्हणजे बीपीची स्वस्तातली गोळी ही डोळ्याचीही गोळी आहे. दिवसाची साखर एकदा बघून भागत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीएवनसी' तपासणी करून घ्या. तंबाखू-विडी सोडा. आजार सुरुवातीचा असेल तर बहुतेकांना एवढ्यावर आणि ठरलेल्या तपासणीवर थांबता येतं.

लेझर. कच्च्या वाहिन्या वाढू लागल्या की पडद्याच्या कडेच्या भागावर लेझरचे बारीक चटके देतात. एक-दोन किंवा जास्त बैठकींत काम होतं, भरती व्हावं लागत नाही. हे तंत्र जुनं आणि पक्कं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या चाचणीतच दिसलं की योग्य वेळी लेझर केलं तर नजर पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. लेझर नजर वाढवण्यासाठी नसतं, असलेली टिकवण्यासाठी असतं. त्यानंतर रात्रीचं किंवा कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. हे आधी न सांगितल्यामुळं 'लेझरनं डोळा गेला' अशी अफवा पसरते आणि पुढचे दहा जण जात नाहीत.

डोळ्यातलं इंजेक्शन. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर करून देतात, काही सेकंदांचं काम. मधल्या भागाची सूज उतरवायला आज हाच मुख्य उपचार आहे आणि यात बऱ्याच जणांची नजर काही प्रमाणात सुधारते. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट अशी औषधांची नावं फाईलवर दिसतील. पहिलं सगळ्यात स्वस्त. ते मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्याचे छोटे डोस करून वापरतात. जगभर डॉक्टर ते वापरतात, फक्त डोस निर्जंतुक पद्धतीनं भरलेले असणं महत्त्वाचं. नजर आधीच बरीच कमी झाली असेल तर महागड्या औषधाचा फायदा जास्त दिसू शकतो. स्वस्त-महागातला फरक कित्येक पटींचा असतो, म्हणून "माझ्या डोळ्याला स्वस्तातलं चालेल का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. काहींना स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, पण त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकतो म्हणून लक्ष ठेवावं लागतं. नुकताच हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगा.

अडचण अशी की एका इंजेक्शननं भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग अंतर वाढवत पुढं, असं वर्षभर आणि कधी त्याहून जास्त चालतं. आपल्याकडं हे कुठं तुटतं? अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडची कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. दोन इंजेक्शनं झाली, थोडं दिसायला लागलं, टोळी निघाली आणि उपचार थांबला. परत आल्यावर सूज दुप्पट. अशांनी जाण्याआधी डॉक्टरांना सांगावं, फाईल आणि स्कॅनचे कागद सोबत न्यावेत आणि त्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत. मिरज, कोल्हापूर, पुणे भागातही पडद्याचे डॉक्टर आहेत, त्यांना तिथून पुढं उपचार चालू ठेवता येतात.

इंजेक्शननंतरच्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाल झाला, नजर कमी झाली तर उद्यावर ढकलू नका. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासातासाला नुकसान करतो.

ऑपरेशन. आत रक्त साचून राहिलं किंवा पडदा ओढला गेला तर 'व्हिट्रेक्टॉमी' नावाचं ऑपरेशन करतात. बारीक छिद्रांतून रक्त आणि पापुद्रे काढतात, पडदा जागेवर बसवतात. आत वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. बऱ्याच वेळा काही दिवस पालथं झोपायला सांगतात. कंटाळा येतो, पण ते ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं. तेल भरलं असेल तर ते काढायला बहुधा काही महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. हे शेवटच्या टप्प्याचं ऑपरेशन आहे. लवकर आलेल्या बहुतेकांना इथपर्यंत यावंच लागत नाही.

एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवा. मध, कांद्याचा रस, कुठला तरी अर्क, मोबाईलवरच्या व्हिडिओतले 'पडदा साफ करणारे थेंब' यांपैकी कशानंही शुगरनं बिघडलेला पडदा बरा होत नाही. उलट बुबुळाला जखम होऊ शकते आणि महत्त्वाचे महिने वाया जातात.

शुगर नसली तरी या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी निघा

पडद्याचे सगळे आजार शुगरचे नसतात. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं आणि कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली येणं ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची खूण आहे. मोठा मायनस नंबर असलेल्यांना, बैलाचं शिंग, चेंडू, फटाका लागलेल्यांना आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना याचा धोका जास्त. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर चांगली वाचते.

एका डोळ्याची नजर न दुखता अचानक गेली तर पडद्याची रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते. तो डोळ्याचा लकवाच समजा आणि तडक मोठ्या रुग्णालयात जा.

साठीपुढच्या माणसाला विजेचा सरळ खांब वाकडा दिसू लागला, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट झाला, तर तो वयामुळं होणारा पडद्याचा आजार असू शकतो. त्याच्या एका प्रकाराला वर सांगितलेली इंजेक्शनंच लागतात.

आणि बाळांचं. दोन किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासायलाच हवा. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं, आनंद झाला आणि ही तारीख चुकली तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन दिलं तर बहुतेक बाळांची नजर वाचते.

दुसरीकडं जमलं, ते कसं

ही तपासणी गावाजवळ आणता येते का? येते. इंग्लंडमध्ये २००३ पासून सगळ्या मधुमेह्यांच्या पडद्याचा नियमित फोटो काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०१४ साली तिथल्या संशोधकांनी जाहीर केलं की किमान पन्नास वर्षांत पहिल्यांदाच, कामकरी वयातल्या लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत शुगरचा पडदा पहिल्या क्रमांकावर राहिलेला नाही.

तो श्रीमंत देश झाला म्हणाल, तर केरळ बघा. तिथं २०१८ मध्ये 'नयनामृतम्' नावानं सरकारी कुटुंब आरोग्य केंद्रातच पडद्याचे फोटो काढायला सुरुवात झाली. डॉक्टर तिथं बसलेला नसतो. परिचारिका फोटो काढते, तो दूरच्या तज्ज्ञाकडं जातो आणि ज्याचा पडदा बिघडलेला दिसतो त्यालाच पुढं बोलावतात. आता असे फोटो वाचायला संगणकाची मदतही मिळते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नुसता कॅमेरा आणून फीत कापली तर उपयोग नाही. फोटोत आजार सापडला आणि पुढं लेझरची तारीख सहा महिन्यांनी मिळाली, किंवा जालन्याला जायला भाडं आणि सोबत नसली, तर तो फोटो कागदच राहतो. ज्यांना बोलावलं ते खरंच पोहोचले का, हे विचारणारा माणूस नेमणं कॅमेऱ्याइतकंच गरजेचं आहे.

आपल्या जिल्ह्यात काय आहे, काय मागायचं

इतर काही जिल्ह्यांच्या मानानं जालना सुदैवी आहे. शहरात श्री गणपती नेत्रालयासारखं धर्मादाय डोळ्यांचं रुग्णालय आहे. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. छत्रपती संभाजीनगरची घाटी जवळ आहे. म्हणजे प्रश्न फक्त डॉक्टर नसण्याचा नाही. भोकरदन, जाफराबाद, मंठ्याच्या खेड्यातला माणूस वेळेत तिथं पोहोचत नाही, हा आहे.

म्हणून मागण्या मोठ्या नाहीत, नेमक्या आहेत. एक, आरोग्य मंदिराच्या शुगरच्या रजिस्टरला एक रकाना वाढवा: 'पडदा तपासणी कधी झाली'. महिन्याच्या आढाव्यात तो आकडा विचारा. दोन, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आहे का, तो चालू आहे का, हे आमदारांनी आणि जिल्हा परिषदेनं जाहीर करावं. नेत्र चिकित्सा अधिकारी तालुक्याला असतात, कॅमेरा त्यांच्याच हातात देता येईल. तीन, वैद्यकीय महाविद्यालयात पडद्याची ओपीडी कोणत्या दिवशी असते हे प्रत्येक उपकेंद्राच्या फलकावर लिहावं. चार, शिबिर घेणाऱ्या मंडळांनी आणि पुढाऱ्यांनी वर्षातून एक तरी शिबिर फक्त मधुमेह्यांच्या पडद्यासाठी घ्यावं. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो, त्या दिवशी रॅली काढण्यापेक्षा हे बरं. आणि हे विषय ग्रामसभेत मांडता येतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेच्या यादीत पडद्याचे काही उपचार आहेत. पण प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक उपचार मिळतोच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा, किंवा १५५३८८ या टोल फ्री नंबरवर फोन करा. "लेझर बसतं का, इंजेक्शन बसतं का, ऑपरेशन बसतं का" असं वेगवेगळं विचारा. तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

घरातल्या बायकांबद्दल एक शब्द. आईची शुगर माहीत असते, पण "तिला कुठं वाचायचंय" म्हणून तिचे डोळे राहून जातात. चूल, विळी, गोठा, विहिरीची पायरी, नातवाचा ताप मोजणं हे सगळं नजरेवरच चालतं. तिची नजर गेली की घरातला आणखी एक माणूस तिच्या मागं अडकतो. हिशेब पैशाचाच लावायचा असला तरी तपासणी स्वस्त पडते.

आज संध्याकाळी घरातल्या शुगरच्या माणसाची फाईल काढा. त्यात 'पडदा', 'रेटिना' किंवा 'फंडस' असा शब्द आणि गेल्या वर्षभरातली तारीख आहे का बघा. नसेल तर याच महिन्यात एक दिवस ठरवा, सोबतीला कोण जाणार तेही ठरवा. दिसतंय तोवरच जायचं.